नौसिका बदलते का? जगबुडीच्या मांगात पात्र आणि तत्त्वज्ञान

प्रश्न थोडक्यात असा आहे. हायाओ मियाझाकींची 'नौसिका ऑफ द व्हॅली ऑफ द विंड' ही मांगा (जपानी चित्रकथा) सातही खंड वाचून झाली. सुरुवातीचे खंड झपाटून टाकणारे वाटले, पण शेवटाकडे पात्रं मागे पडतात आणि माणूस, निसर्ग, शुद्धता यांवरची चर्चाच उरते असं वाटलं. शिवाय नायिका पहिल्या पानापासून संत आहे, मग तिच्यात विकास तो कसला? विचारणारी व्यक्ती स्वतःही प्रलयानंतरच्या जगाची चित्रकथा लिहिते आहे, त्यामुळे खरा प्रश्न असा की अशा कथेत वजन कुठे टाकायचं, माणसांवर की विचारावर.

मी चित्रकथांच्या संहिता लिहितो आणि त्याहून जास्त इतरांच्या तपासतो. जगबुडीच्या गोष्टी तपासायला येतात तेव्हा बहुतेकांत एकच दुखणं असतं: शहर मोडून पडलेलं असतं, आकाश तांबडं असतं आणि त्या ढिगाऱ्यावर उभं राहून कुणीतरी दोन पानं भाषण करत असतं. त्यामुळे तुमची तक्रार मला चांगली कळते. तरीही नौसिकाच्या बाबतीत ती मला अर्धीच पटते. पटते ती बागेच्या प्रकरणापुरती, त्याकडे येतोच. पण 'नायिका बदलत नाही' हे मला मुळीच मान्य नाही. ती इतकी बदलते की शेवटच्या प्रकरणातल्या नौसिकाला पहिल्या प्रकरणातली नौसिका घाबरली असती. (इथून पुढे शेवटासकट सगळं उघड करून बोलणार आहे. वाचायची असेल तर आधी वाचून या.)

संत ही प्रतिमा आली कुठून? माझ्या मते ती सिनेमातून आली. मालिका 'ॲनिमेज' मासिकात फेब्रुवारी 1982 च्या अंकापासून सुरू झाली आणि मार्च 1994 च्या अंकात संपली. सिनेमा 11 मार्च 1984 रोजी आला, म्हणजे गोष्ट जेमतेम रुळाला लागली होती तेव्हा. त्यात साधारण पहिल्या दोन खंडांतला मजकूर आहे आणि त्यालाही शेवट हवा म्हणून वेगळं वळण दिलंय: ओमू नावाच्या महाकाय कीटकांच्या लोंढ्यासमोर ती मरते, त्यांच्या सोनेरी तंतूंवर पुन्हा जिवंत होते, तारणहाराचं भाकीत खरं ठरतं. मांगात तोरुमेकिया राज्याशी लढणारं दोरोक साम्राज्य सिनेमात नाहीच. अनेकांनी आधी सिनेमा पाहिलेला असतो आणि मग मांगा वाचताना ते त्या तारणहार मुलीलाच शोधत राहतात. मांगात मात्र हे तारणहारपण गोष्टीच्या मध्यावर संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं.

बारा वर्षांत मालिका अनेकदा थांबली, कारण मधल्या काळात मियाझाकी 'लापुता', 'टोटोरो', 'किकी', 'पोर्को रोसो' हे सिनेमे करत होते. ही माहिती मी कौतुकापोटी देत नाही. प्रत्येक खंडानंतर परत आलेला लेखक आधीचा राहिलेला नव्हता, हे पानांत दिसतं. शेवटाकडे येताना युगोस्लाव्हियात युद्ध पेटलं होतं. त्याने आपण हादरलो आणि मार्क्सवादी विचार सोडून दिला, असं मियाझाकींनी पुढे मुलाखतीत सांगितलं आहे. सुरुवातीची गोष्ट एका अर्थी सोपी होती: माणसाने पृथ्वी नासवली, निसर्ग ती साफ करतोय, माणसाने नम्र व्हावं. शेवटची गोष्ट या विधानालाच उलटं टांगते. आणि ते उलटं टांगण्याचं काम लेखक निवेदनातून करत नाही, एका मुलीकडून करून घेतो. माझ्या लेखी पात्रविकास म्हणतात तो हाच.

आता तपशिलात जाऊ. पहिल्या खंडातली नौसिका कशी आहे? विषारी अरण्यात एकटी हिंडणारी, कीटकांशी बोलणारी, आजारी राजाची मुलगी. तिची सगळी ताकद 'शांत करणं' या एका गोष्टीत आहे. रागावलेला ओमू असो, खारीसारखा चावरा प्राणी तेतो असो, ती हात पुढे करते आणि समोरचा निवतो. मग तिसऱ्या खंडात सापाता शहराचा वेढा येतो. पकडलेल्या दोरोक बायकामुलांना सोडावं म्हणून ती तोरुमेकियाची सेनानी राजकन्या कुशाना हिच्याशी सौदा करते आणि त्या बदल्यात कुशानाच्या घोडदळाबरोबर हल्ल्यात उतरते. तिला वाचवताना सैनिक मरतात, तिचं वाहन असलेला पक्षी काई मरतो. म्हणजे जीव वाचवण्याच्या अटीवर ती जीव घेणाऱ्या मोहिमेत सामील झाली. तिथे कुणी तत्त्वज्ञान बोलत नाही, फक्त तिचे हात मळतात. त्या पानांपासून पुढे तिची प्रत्येक दया कुणाच्या तरी रक्तातून जाते.

पाचव्या खंडाच्या सुमारास दोरोकांनी हत्यार म्हणून वाढवलेली बुरशी हाताबाहेर जाते आणि ओमू स्वतःला तिच्यात झोकून देतात, तिला पोटात घेऊन नवं अरण्य व्हायला. नौसिकाला त्यांच्याबरोबर मरायचं असतं. हा तिच्या पहिल्या स्वभावाचा कळस आहे: निसर्गाच्या बाजूला जाणं, माणसांच्या घाणीतून सुटणं. ओमू तिला मरू देत नाही, पोटातल्या द्रवात लपेटून ठेवतो. त्यानंतर बेशुद्धीत तिचा आत्मा अरण्यवासी सेल्मच्या सोबतीने अरण्याच्या पलीकडच्या शुद्ध भूमीपर्यंत जातो. तिथे राहायची मोकळीक असते, पण या जगातल्या माणसांवर आपला फार जीव आहे म्हणून ती परत फिरते. साधी, स्वर्ग नाकारण्याची गोष्ट वाटेल. पण त्याच प्रवासात तिच्या बरोबर आणखी एक जण असतो आणि तो नसता तर हा प्रसंग नुसता सुंदर राहिला असता.

तो म्हणजे मिरालुपा. दोरोकांचा धाकटा सम्राट, औषधी द्रवात बुडवून शंभराहून जास्त वर्षं टिकवलेला, तिचा पाठलाग करणारा, तिच्या मनात घुसणारा. मोठा भाऊ नामुलिस त्याला मारतो आणि त्याचं भेदरलेलं, सुरकुतलेलं भूत नौसिकाला चिकटतं. ती त्याला झिडकारत नाही, बरोबर घेऊन जाते. नंतर कळतं की हा क्रूर म्हातारा तरुणपणी खरोखर प्रजेचं भलं चिंतणारा राजा होता. लोक सुधारत नाहीत हे पाहून त्याच्या करुणेचा तिरस्कार झाला. सातव्या खंडात जुन्या जगाचा ठेवा जपणाऱ्या एका बागेचा रखवालदार याच्याही मागे जातो: फार पूर्वी एक मुलगा याच बागेतून माणसांना वाचवायला बाहेर पडला, आणि तोच दोरोकांचा पहिला पवित्र सम्राट झाला. म्हणजे या गोष्टीतले जुलमी लोक दुष्ट म्हणून जन्माला आलेले नाहीत. ते आधीच्या पिढीचे नौसिका आहेत.

हे वाचल्यावर तुमच्या 'संत' शब्दाचं काय होतं पाहा. त्या क्षणी नौसिकाच्या पाठीशी एक महाकाय योद्धा आहे, सात दिवसांत जुनी संस्कृती जाळणाऱ्या हत्यारांतला एक. ती जगाला वाचवायला निघाली आहे. तिच्याकडे प्रेम आहे, अधिकार आहे, आणि बॉम्ब आहे. नेमका याच वाटेने तो मुलगाही गेला होता. 'चांगल्या हेतूतून जुलूम जन्मतो' हा विचार इथे कुणी सांगत नाही, तो तिच्या पाठीमागे उभा असतो.

त्या योद्ध्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण पात्र आणि विचार यांची सर्वांत घट्ट गाठ मला तिथे दिसते. तो तिला आई समजतो. तिला त्याची भीती वाटते, त्याच्या अंगातून झिरपणाऱ्या प्रकाशाने ती आजारी पडते, तेतो मरतो. त्याला ताब्यात ठेवायला म्हणून ती त्याला नाव देते, ओमा, निर्मळ अशा अर्थाचं, आणि नाव मिळताच तो शहाणा होतो, स्वतःला न्यायाधीश म्हणवू लागतो. इथे वाचकाने जरा थांबावं. तिने दिलेलं नाव ही माया होती की लगाम? मियाझाकी उत्तर देत नाहीत. ती त्याला वापरते हे तिला कळतं, आणि तरी त्याचं मूलपण खोटं नाही हेही कळतं. नौसिकाच्या स्वतःच्या आईचा संदर्भ इथे उपयोगी पडतो. भावंडांत ती एकटी जगली, आणि आईने कधीही न भरून येणारं दुःख असतं हे शिकवलं पण आपल्यावर प्रेम केलं नाही, असं ती बागेत बोलून दाखवते. प्रेम न मिळालेली मुलगी एका हत्याराची आई होते आणि त्याला कामाला पाठवते. शेवटी शुवाचं थडगं, म्हणजे जुन्या जगाचं तंत्रज्ञान जपून ठेवलेली जागा, फोडून ओमा मरतो तेव्हा ती त्याला शाबासकी देते आणि रडते. त्या शाबासकीत किती खरं आणि किती अपराधी मन, हे प्रत्येक वाचनात मला वेगळं वाटतं.

आता थडग्यातला तो वाद, ज्याला तुम्ही चर्चा म्हणता. थडग्याचा स्वामी सांगतो ते असं: विषारी अरण्य ही जुन्या माणसांनीच बनवलेली शुद्धीकरणाची यंत्रणा आहे. आजची माणसंही विषात जगता यावं म्हणून बदलून ठेवलेली आहेत, शुद्ध हवेत ती रक्त ओकून मरतील. जग साफ झालं की आत जपून ठेवलेल्या अंड्यांतून नवी, शांत, शहाणी माणसं येतील, आणि आजच्या माणसांना पूर्ववत करण्याचं तंत्रही इथेच आहे. नौसिका हे सगळं उद्ध्वस्त करायला लावते. स्वामी तिला अंधार ठरवतो आणि जीवनाला प्रकाश म्हणतो. तिचं उत्तर असं की जीवन म्हणजे अंधारातच लुकलुकणारा प्रकाश.

हे वाक्य फार उद्धृत होतं आणि उद्धृत होऊन होऊन गुळगुळीत झालंय. त्याची खरी ताकद शब्दांत नाही. संहिता तपासताना मी एक साधी चाचणी लावतो: विचाराचं वाक्य उचलून दुसऱ्या पात्राच्या तोंडी घालायचं. तिथे ते तितकंच चाललं तर ते वाक्य लेखकाचं, पात्राचं नव्हे. हे वाक्य नौसिकाचा गुरू, तलवारबाज युपा, याच्या तोंडी घालून पाहा. छान सुभाषित होईल. सेल्मच्या तोंडी घातलं तर ढोंग वाटेल, कारण तो अंधारात कधी उतरलेलाच नाही. नौसिकाच्या तोंडी मात्र ते कबुलीजबाबासारखं येतं. ती स्वतः त्या वेळी एका पोराला फसवून आणलेली आई आहे, जन्माला न आलेल्या माणसांची अंडी नष्ट करणारी आहे, आणि थोड्याच वेळात हे सगळं सत्य लोकांपासून लपवणारीही होणार आहे. वर, थडग्यातून वाहिलेलं रक्त ओमूच्या रक्ताच्याच रंगाचं आहे हे तिच्या लक्षात येतं. म्हणजे तिने मारलं तेही तिच्या लाडक्या कीटकांचंच सगोत्र. पहिल्या खंडात शांत करणारे हात इथपर्यंत आलेत. तिने केलं ते बरोबर का, याबद्दल मी अजून भांडू शकतो आणि दोन्ही बाजूंनी भांडू शकतो. पण ती बदलली नाही असं म्हणणाऱ्याशी भांडायलाही नको वाटतं.

शुद्ध आणि अशुद्ध ही या मांगाची तात्त्विक जोडी आहे, आणि नायिकेचा प्रवासही नेमका शुद्धाकडून अशुद्धाकडे आहे. त्यामुळे 'पात्र विरुद्ध विचार' हा सामना इथे लागत नाही.

जिथे लागतो ते बागेचं प्रकरण. इथे तुमची तक्रार पूर्ण मान्य. कीर्तनात आधी पूर्वरंगात निरूपण आणि मग उत्तररंगात आख्यान येतं. मियाझाकींनी बागेत आख्यान ऐन रंगात असताना निरूपण आणून बसवलंय. रखवालदार बोलतो, ती विचारते, तो सांगतो. अरण्याचं रहस्य, माणसांचं बदललेलं शरीर, सम्राटाचा उगम, सगळं एकाच जागी. त्यातल्या त्यात लेखकाने एक शहाणपणा केला: रखवालदार तिच्या आईचं रूप घेतो आणि माहितीपेक्षा विस्मरणाचा मोह पुढे ठेवतो. तेवढ्यापुरती पानं जिवंत होतात. बाकी वेळ मला पेन्सिल घेऊन समासात खुणा कराव्याशा वाटतात.

आणि नायिकेबद्दल इतकं बोलल्यावर हेही सांगतो की या मांगातलं माझं सर्वांत आवडतं पात्र ती नाही. कुशाना आहे. सिनेमात तिला कृत्रिम हात आणि थंड नजर एवढंच मिळालं. मांगात तिची आई मुलीसाठी ठेवलेलं विष स्वतः पिते आणि वेडी होते, खऱ्या मुलीला ओळखत नाही, बाहुलीला मुलगी समजून कुशीत घेते. बाप सम्राट आहे, सावत्र भाऊ तिच्या मरणाची वाट पाहतात. सूड हा तिच्या आयुष्याचा कणा आहे. मग मियाझाकी तो कणा तिच्याकडून काढून घेतात: जो भाऊ तिच्या हातून मरायचा, तो तिच्या डोळ्यांदेखत कीटकांच्या हल्ल्यात मरतो. सूड पूर्ण झाला पण तिचा झाला नाही. त्यानंतर चहूकडे कीटक असताना, जखमी सैनिकाला जवळ घेऊन ती आईने म्हटलेली अंगाई म्हणते. कुरोतोवा हे बघतो, तिच्यावर पाळत ठेवायला पाठवलेला तो धूर्त माणूस, आणि त्याचीही बाजू हळूहळू बदलते. या पानांत तत्त्वज्ञानाचा एक शब्द नाही आणि सूडचक्राबद्दल मांगात याहून नेमकं काही नाही.

पुढे दोरोकांतल्या मानी जमातीचे लोक तिला मारायला धावतात तेव्हा युपा मध्ये पडतो आणि आपलं शरीर तिच्यासाठी खर्ची घालतो. एका शत्रूसाठी, जिच्या सैन्याने त्याच्या माणसांना लढाईत ओढलं तिच्यासाठी. शेवटी मरणारा बाप तिच्या हाती राज्य देतो, पण ती राणी होत नाही. जन्मभर राजप्रतिनिधी राहते आणि तोरुमेकिया 'राजा नसलेला देश' म्हणून ओळखला जाऊ लागतो. ही माहिती उपसंहारात ओळ-दोन ओळींत उरकली आहे, आणि तेच योग्य आहे. राजसत्तेबद्दलचा मांगाचा विचार कुशानाने न घातलेल्या मुकुटात आहे. तो कुणी बोलून दाखवला असता तर फिका पडला असता.

तुलनेसाठी दोनच शब्द. कात्सुहिरो ओतोमोंची 'अकिरा' (1982 ते 1990) उलट्या टोकाला आहे. त्याचा नायक कानेदा शेवटी जवळजवळ तसाच राहतो जसा सुरुवातीला होता, आणि त्याने काही बिघडत नाही, कारण तिथे विचार शहराच्या अंगाने चालतो: निओ-टोकियो कोसळतं, त्याच्या ढिगाऱ्यात राज्य उभं राहतं, तेही कोसळतं. हाजिमे इसायामांच्या 'अटॅक ऑन टायटन'मध्ये (2009 ते 2021) मात्र मला दोन्ही गोष्टी सापडतात. साशा या सैनिकेला मारणारी शत्रुपक्षातली मुलगी गाबी आणि तरी त्या मुलीवर हात न उचलणारा साशाचा बाप, हे द्वेषाच्या साखळीवरचं उत्तम लिखाण आहे. आणि तीच मालिका शेवटच्या प्रकरणात नायक एरेनला त्याचा मित्र आर्मिन याच्यासमोर बसवून त्याच्या हेतूंचा हिशेब द्यायला लावते. त्याचं मन इतका काळ कथानकाच्या सोयीसाठी झाकून ठेवलं होतं की अखेर ते बोलूनच उघडावं लागलं. शेवटावर वाचकांत झालेल्या भांडणाचं मूळ मला एरेनने काय केलं यापेक्षा या झाकाझाकीत दिसतं.

तुमच्या संहितेकडे येतो. तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या प्रकरणात एक वृद्ध शास्त्रज्ञ जग का संपलं ते सांगतो आणि नायक ऐकतो. ते प्रकरण काढू नका, पण त्या माहितीची किंमत ठरवा. ती ऐकल्यामुळे नायकाला काय सोडावं लागतं, कुणाशी खोटं बोलावं लागतं? तसं काही नसेल तर म्हाताऱ्याला दोन चौकटींत गप्प करा. दुसरं, जगबुडीच्या कथेत लेखक सगळा विचार नायकाच्या डोक्यावर रचतात. तुमची ती पाणी विकणारी बाई, जी आत्ता तीनच पानं आहे, तिच्याकडे वळा. मियाझाकींनी पवित्रतेचा भार नौसिकाला दिला, सत्तेचा कुशानाला, करुणा सडल्यावर काय होतं ते मिरालुपाला. एकाच पात्राने सगळे प्रश्न वाहिले असते तर खरंच संत झालं असतं.

आणि मांगा पुन्हा वाचणार असाल तर या वेळी सातव्या खंडाची घाई करू नका. तिसऱ्या आणि चौथ्यात रेंगाळा. चौकटी लहान आणि गच्च आहेत, पूर्ण पानाची चित्रं मोजकी, त्यामुळे डोळा घसरत पुढे जातो आणि कुणीतरी मागच्या कोपऱ्यात मरतंय हे निसटतं. कुशानाच्या सैनिकांचे चेहरे बघत जा. सापाताला कोण तिच्यासमोर आडवा आला ते लक्षात ठेवून सातवा खंड उघडला तर थडग्यातला वाद तुम्हाला बहुधा वेगळा ऐकू येईल. बागेचं प्रकरण मात्र तेव्हाही लांबच वाटेल.